मॅडमचे दोन रकाने

विहिरीत पाणी आहे, असं मी दिवाळीनंतरच्या एका सकाळी स्वतःच ठरवून टाकलं आणि पिंपळवंडीच्या बावीस मोटरींना तसं कळवून मोकळा झालो. चैत्रात त्यातल्या चार जळाल्या.

जळाल्या मोटरी, नाव गेलं मॅडमचं. त्याचा राग अजून गेलेला नाही. तो कोणाकोणावर आहे हे सांगायला बसलोय. माझा नंबर पहिला.

मॅडम म्हणजे मंचरच्या कापडवाल्यांची मुलगी. पणजोबा मारवाडातून आलेले, पण या मात्र आमच्यापेक्षा शुद्ध मराठीत रागवायच्या. पुण्यात वीस वर्षं कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहून परत आल्या आणि दुकानाच्या माडीवर कचेरी थाटली. द्राक्षबागांच्या ठिबकची मोटर चालू-बंद करणारे छोटे डबे आम्ही बनवायचो. मी कळंबचा, तिशी ओलांडलेला, चार नोकऱ्या सोडलेला आणि सर्वज्ञ.

त्यांचा जगाला एकच प्रश्न असायचा : "हे कधी कळतं?" चहावाल्याने साखर किती म्हणून विचारलं, की म्हणायच्या, "दहा वर्षं बिनसाखरेचा पिते. हे तुला अजून कळायचंय?" आणि दूधवाल्याने न विचारता लिटरभर ओतलं, की त्याच्यावरही तेवढ्याच तडकायच्या. "आज घरी किती माणसं आहेत, हे तुला काल कसं कळलं?"

समोरच्या शिंप्याकडे बोट दाखवून त्यांनी मला अख्खी विद्या शिकवली. "तो तुझ्या हाताची लांबी रोज मोजतो का? एकदा मोजली, वहीत गेली. पण पोटाचा घेर दर दिवाळीला विचारतो. तेवढं जमलं की झालं." प्रत्येक बागेसाठी त्या कागदावर दोन रकाने आखायला लावत. डावीकडे कायमचं ठाऊक असलेलं : जमीन, वाण, नळ्यांची लांबी. उजवीकडे रोज विचारायचं. डावा रकाना आमचा मोठा प्रोग्राम आधीच पचवायचा आणि त्या एका बागेच्या मापाचा, आटोपशीर प्रोग्राम शिवून द्यायचा. जे ठरलेलं आहे, त्याबद्दलचे प्रश्न त्यात उरतच नसत.

आणि तो नवा प्रोग्राम बसवायचा मोटर चालू असताना. डबा बंद करणं हा मॅडमच्या लेखी गुन्हा. "पंगत चालू असताना वाढपी बदलायचा. पानावरच्या माणसाने मान वर केली, तर तू नापास."

रागावल्या तरी आवाज चढत नसे. त्या फक्त 'तू'वरून 'तुम्ही'वर येत. "तुम्ही फार हुशार आहात," असं ऐकलं की मी मुकाट्याने केलेलं सगळं पुसून पुन्हा लिहायला घेई. संध्याकाळी ऊन असतानाच, जैन रिवाजाप्रमाणे, त्या जेवायला उठत आणि परत 'तू'वर येऊन विचारत, "तू काही खाल्लंस का?"

तर ती दिवाळी. विहिरी काठोकाठ होत्या, मॅडम भाचीच्या लग्नाला गेलेल्या आणि मला प्रोग्राम आणखी छोटा करून दाखवायचा होता. मी विहिरीतलं पाणी उजव्या रकान्यातून उचलून डावीकडे लिहिलं : 'आहे'. पाणी आहे हे कायमचं ठरल्यावर 'पाणी उतरलं तर मोटर बंद कर' ही ओळ ठेवायची कशाला? ती गळाली. बबनभाऊंच्या विहिरीच्या काठावर बसून मी तो प्रोग्राम चालत्या मोटरीत चढवला आणि म्हणालो, "भाऊ, तुमच्या मोटरीला कळलंसुद्धा नाही." भाऊ म्हणाले, "लई भारी."

चैत्रात चार विहिरींचं पाणी उतरलं. मोटरी कोरड्याच फिरत राहिल्या आणि जळाल्या. नुकती खरड छाटणी झालेली, पुढच्या वर्षीचा माल ज्या कोवळ्या फुटीवर धरायचा ती फूट चार बागांत करपली.

बागायतदारांच्या गटाच्या शेडमध्ये बैठक बसली. कालपर्यंत मॅडमना सीताफळाच्या पाट्या पाठवणारे अध्यक्ष म्हणाले, "बाईमाणसाच्या नादी लागलो, तितंच चुकलं." कोणी त्यांना गप्प केलं नाही. मॅडम उठल्या. "प्रोग्राम माझ्या कचेरीतून आला. चूक माझी." खाली बसल्या. मी त्यांच्या शेजारीच होतो. माझ्या उजव्या चपलेचा अंगठा उसवला आहे, एवढं मी त्या तासाभरात नीट पाहून घेतलं.

गटाने आमचे डबे उपटले आणि बाहेरच्या एका कंपनीचे बसवले. प्रोग्राम बदलायचा तर ते अर्धा दिवस बंद ठेवावे लागतात. अध्यक्ष त्याला सर्व्हिस म्हणतात.

महिन्याभरात मॅडमनी कचेरी आवरली. पुण्याला भावाकडे निघताना पर्समधून एक घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात ठेवला. तेच दोन रकाने, डावीकडे माझ्या अक्षरात 'आहे'. बैठकीत तो त्यांच्या पर्समध्येच होता.

"तुम्ही जेवून जा," त्या म्हणाल्या. त्यानंतर 'तू' कधी आलं नाही.

परवा पिंपळवंडीला गेलो. बबनभाऊंसमोर तो कागद ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी कागदाकडे पाहिलंदेखील नाही.

"आमाला तवाच ठावं व्हतं. डब्यात तुमीच काय त्ये घातलं, माज्याच इहिरीवर बसून."

मी उसळलो. "ठाऊक होतं तर बैठकीत बोलला का नाहीत? त्या बाईचं नाव गेलं, आणि तुम्ही सगळे नुसते बघत बसलात?"

भाऊंनी तंबाखू मळली, तोंडात टाकली आणि सावकाश म्हणाले, "तिच्या शेजारी तुमी बसला व्हता ना पावणं? तुमच्या तोंडाला काय झालं व्हतं?"