एका बोटाची टाळी

तुमच्या कानात कुणी खिळे ठोकत असेल आणि सगळं सभागृह त्याला कौतुक म्हणत असेल, तर तुम्ही किती वेळ शहाण्यासारखे उभे राहाल?

माझ्या आठ वर्षांच्या भाचीकडून नेमकी हीच अपेक्षा केली गेली. ती स्वमग्न आहे. मोठा आवाज तिला नुसता आवडत नाही असं नाही, तो तिला दुखतो. ती तिसरीच्या वर्गात बसणार की घरी, हे त्या दिवशी ठरायचं होतं. पुसदला अशा मुलांच्या पालकांचं आणि शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. तिच्या शाळेचे मुख्याध्यापक माझ्या बहिणीला म्हणाले होते, "पोरीले घेऊन या ताई. तज्ज्ञ काय म्हणतात ते पाहू, मंग वर्गाचं ठरवू."

बहिणीनं तेव्हाच सांगितलं होतं, "सर, टाळ्या अन् माईक तिले सहन नाही होत. तेवढं सांभाळा."

"अवो, त्याच्याचसाठी तर प्रशिक्षण आहे."

मी पत्रकं वाचत वाढले. बाबा ती सभांमधून आणायचे आणि माझ्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायचे. शिक्षण हा हक्क आहे, भीक नाही, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. म्हणून त्या दिवशी मायलेकींसोबत गेले, तेव्हा सभागृहाच्या फलकावर 'समावेशक शिक्षण' वाचून मला खरंच बरं वाटलं.

सकाळी शहरातून आलेल्या तज्ज्ञ बाईंनी सांगितलं की अशा मुलांना गोंगाट सोसत नाही. सगळ्यांनी ते लिहून घेतलं. जेवणं झाल्यावर 'जिद्दी मायचा' सत्कार निघाला. मायलेकींना मंचावर बोलावलं, बहिणीच्या खांद्यावर शाल टाकली आणि एका मास्तरांनी माईक घेतला. "चला, पाऊस टाळी."

आपल्या शाळांमध्ये टाळ्यांचेही प्रकार असतात. पाऊस टाळीत आधी एकच बोट तळहातावर वाजवायचं, मग दोन, असं करत शेवटी पूर्ण पंजा.

एका बोटाचा टपटप आवाज झाला तेव्हा भाचीनं कानांवरचे हात काढले. समोर पाहिलं आणि स्वतःचं एक बोट तळहातावर आपटलं. चारचौघांत ती हसलेली मी प्रथमच पाहिली. तिथं थांबायचं होतं. कुणी थांबलं नाही. दोन बोटं, तीन बोटं, मग पंजे, आणि माईकवरून "जोरात, अजून जोरात". भाची किंचाळली. मुख्याध्यापकांनी फोटोसाठी तिचा हात कानावरून ओढला. ती चावली.

"सर, चौदा इंजेक्शनं घ्या आता," मागून एक मास्तर बोलले. हशा झाला. तज्ज्ञ बाई माईकवर म्हणाल्या, "घाबरू नका. नीट बघा, याला मेल्टडाउन म्हणतात." मोबाइल वर झाले. बहीण खाली बसून पोरीचं डोकं छातीशी धरत होती.

मी जाऊन स्पीकरची वायर उपटली.

सभागृह गप्प झालं. थोड्या वेळानं भाचीही. दिवसभरातलं खरं प्रशिक्षण तेवढंच होतं आणि ते कुणी लिहून घेतलं नाही. "मावशीलेही तपासून घ्या," कुणीतरी म्हणालं आणि लोक पुन्हा हसले.

मुख्याध्यापक हाताला रुमाल गुंडाळत बहिणीकडे आले. "ताई, तज्ज्ञांसमोर अशी करते, तर वर्गात काय करन? घरीच ठेवा. परीक्षेले आणा."

"मी सांगतलं होतं ना सर."

"सांगतलं होतं. पण सत्कार तुमचाच केला ना? कायले चिडता मंग?"

भाची आता घरी असते. मुख्याध्यापकांच्या खोलीत प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत लागलं आहे. शाळेची घंटा ऐकू आली की भाची दारात बसून एक बोट तळहातावर वाजवते, थांबते, आणि रस्त्यावरून कुणी उत्तर देतं का ते बघते.

तुम्ही शिक्षक असा, पालक असा, की नुसते पाहुणे. अशा मुलाची आई समोर आली की आधी तिला विचारा, लेकराला काय दुखतं. ती सांगेल ते त्याच दिवशी पाळा. आणि टाळ्या सुरू झाल्या तर एका बोटावर थांबा. शेजारचा थांबत नसेल, तर त्याचे हात धरा.