पन्ह्यात गेलेला बर्फ

दाजी गेल्याचं अक्कानंच फोन करून सांगितलं. "चहाला हाक मारली, उठलेच न्हाईत बघ... जन्मात कधी चहाला न्हाय म्हणाले नव्हते." मी रडत होते आणि हसतही होते. नव्वदी ओलांडलेला माणूस, त्यातून आमचे दाजी. आता महिना होत आला, तरी त्यांच्यासाठी नुसतं रडणं मला जमलेलं नाही.

माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. हैदराबादेत रक्त तपासायला शिकले आणि संस्थान गेल्यावर उमरग्यात हमरस्त्यालगत दोन खोल्या घेऊन बसले. पुढच्या खोलीत सूक्ष्मदर्शक, मागं अक्काचा संसार, अंगणात एक मेंढी आणि जाळीच्या खोक्यात आठ-दहा गिनीपिग. गाव त्यांना 'रगतवाले' म्हणायचं. त्या दारी मीच कधी पेशंट होऊन जाईन, असं वाटलं नव्हतं. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि माझी दोन मुलं पोटातच गेली होती. नळदुर्गच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोघांचंही रक्त गरमीच्या रोगासाठी, म्हणजे उपदंशासाठी, तपासून घ्या. सासूबाईंनी मला घरीच बजावलं, "रगतात खोट निघाली तर तिकडूनच माहेरी जायचं." खोट असलीच तर माझ्याच रक्तात, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. ऐन वैशाखात मी, आमचे हे आणि त्या असे तिघं एसटीतून उमरग्याला उतरलो.

दाजींनी आधी यांचाच दंड बांधला. "त्याचं कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "नळीला बाईमाणूस, बाप्यामाणूस कळत न्हाय, विहीणबाई." मग माझं रक्त घेतलं आणि तिसऱ्या नळीसाठी स्वतःचं. प्रत्येक तपासणीत एक नळी आपल्या रक्ताची लावायची, ही त्यांची रीतच होती. माझा चेहरा बघून ते समजवायला बसले. "रक्तात दोन राखणदार असत्यात बघ. एक ओळखणारा. टायफॉइडचा जंतू आला की नेमका त्यालाच जाऊन चिकटतो. दुसरा हाणणारा. त्याला ओळख न्हाय, पर पयल्यानं धरून दिला की जंतूच्या अंगाला भोकं पाडतो. पुस्तकात एकाला प्रतिपिंड म्हणत्यात, दुसऱ्याला पूरक." नळीत आमचं रक्त, रोग ओळखायचं औषध आणि गिनीपिगच्या रक्तातले हाणणारे घालायचे. रोगाचे ओळखणारे आमच्या रक्तात असले, तर हाणणारे तिथंच खर्ची पडणार. नसले, तर मोकळे राहणार. मग मेंढीच्या तांबड्या पेशी सोडायच्या, त्यांचे ओळखणारे आधीच चिकटवून. मोकळ्या हाणणाऱ्यांनी त्या फोडल्या की नळी नितळ लाल, नाही फोडल्या तर गढूळ. "आपल्याला नितळ पायजे," दाजी म्हणाले.

दुपारी तिन्ही नळ्या गढूळ निघाल्या. सासूबाई दारात उभ्या होत्या, गढूळ म्हणजे काय ते त्यांनीही ऐकलं होतं. त्या माझ्याकडं बघत होत्या, मुलाच्या नळीकडं नाही. दाजींनी तिसरी, स्वतःच्या रक्ताची नळी उजेडात धरली आणि... खो खो हसायलाच लागले. "अगं ए, ऐकलंस का? तुझ्या नवऱ्यालाबी गरमी झाली की!"

अक्का पिठाच्या हातानं धावत आली. दाजींनी थर्मास उघडला. गिनीपिगचं रक्त सोलापूरहून मागवलेल्या बर्फात ठेवलेलं असायचं. आत बर्फाचा खडाही नव्हता, नुसतं कोमट पाणी. "ओळखणारा चिवट असतो, हाणणारा लई नाजूक. उन्हानं जागच्या जागी मेला, म्हणून कुणाच्याच नळीत काय फुटलं न्हाय. बर्फ कुठं गेला?" अक्कानं पिठाचे हात पदराला पुसले. मग हळूच म्हणाली, "विहीणबाई पयल्यांदाच घरी आल्या... कोमट पन्हं कसं द्यावं?" सासूबाईंनी दोन पेले घेतले होते, वर 'लई गार हाय गं बाई' म्हणून कौतुकही केलं होतं. त्यांचा चेहरा असा काही झाला, की तशा अवस्थेतही मला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी दाजींनी गिनीपिगचं ताजं रक्त काढलं आणि अक्काला थर्मासपासून चार हात लांब बसवलं. यांची, माझी आणि दाजींची, तिन्ही नळ्या नितळ लाल! मी अक्काच्या गळ्यातच पडले. सासूबाई मात्र त्या नळ्या निरखत राहिल्या. मग उठल्या, बाकावर जाऊन बसल्या आणि चोळीची बाही वर सरकवली.

"माझंबी बघा."

"तुमचं कशाला आता, या वयात?"

"ह्याच्या आधी माझी तीन गेली. सासू मरंस्तवर म्हणायची, तुझ्याच रगतात खोट हाय... बघा तर एकदा."

दाजी चेष्टा विसरले. त्यांनी सगळं पुन्हा मांडलं, पुन्हा स्वतःची नळी शेजारी लावली. उन्हं कलायच्या आत सासूबाईंची नळी नितळ निघाली. त्या ती खिडकीशी घेऊन गेल्या. "न्हवती म्हणा की खोट... न्हवतीच," असं म्हणत हसत होत्या, पदरानं डोळे पुसत होत्या. मग माझा हात धरून मलाही खिडकीशी ओढलं. नळी परत द्यायला त्या तयारच होईनात. शेवटी दाजींनी ती रिकामी केली, उकळून, पुसून त्यांच्या हातावर ठेवली. "न्या. विहिणीचा मान समजा."

आधीची दोन का गेली, ते कुणालाच कळलं नाही. पुढं मला दोन मुली झाल्या आणि दोन्ही बाळंतपणं सासूबाईंनीच केली. ती नळी त्यांनी देवघरात, वाटीभर तांदळात रोवून ठेवली होती. त्या गेल्या, आता दाजीही गेले. रोज सकाळी मी त्या नळीत उदबत्ती लावते आणि हात जोडते. देवाला की दाजींना, ते मात्र विचारू नका.