विहीणबाईंचं पातेलं आणि माझी पळी

आमच्या ऋचाचा साखरपुडा एका पळीमुळे मोडता मोडता राहिला. पळी माझ्या हातात होती.

होणारे जावई केव्हिनराव सिॲटलचे, घराणं चिनी. त्यांच्या आईने साखरपुड्याच्या जेवणासाठी वाळवलेले सी ककंबर आणले होते. (काकडी नव्हे! समुद्राच्या तळाशी लोळणारा, गलेलठ्ठ सुरवंटासारखा प्राणी.) या विहीणबाईंचा भाऊ अलास्काच्या थंडगार पाण्यात बुड्या मारून ते हाताने एकेक वेचतो, पोट साफ करून उकडतो आणि कडकडीत वाळवतो. हा त्यांच्याकडचा मानाचा पदार्थ. तो बिघडला, तर पंगतीची शोभाच गेली.

पाहुणे उतरले हॉटेलात, तिथे स्वयंपाकघर नाही. म्हणून भिजवायचं पातेलं आमच्या प्लेनो गावातल्या घरी, गराजमधल्या फ्रिजमध्ये आलं. (माझी बायको मेधा शुद्ध शाकाहारी. घरात प्रवेश मिळणं शक्यच नव्हतं.) रोज पाणी बदला, बाकी काही करू नका, असं विहीणबाईंनी मला बजावलं.

आता, भिजत घातलेलं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात. साबुदाणा असो की छोले, वर-खाली केल्याशिवाय चैन पडत नाही. त्या सकाळी मी पोहे केले होते, त्यामुळे फोडणीची पळी हातातच होती.

"अहो, त्याला हात लावू नका," मेधा दारातून म्हणाली.

"हात कुठे लावतोय? पळी लावतोय."

दुसऱ्या दिवशी सी ककंबरना तकाकी आली. मी विहीणबाईंना फोन करून कळवलं, प्रकृती उत्तम आहे. मग ते मऊ पडले. शिजायला वेळ लागणार नाही म्हणून मी खूश झालो आणि आणखी जोमाने ढवळलं.

साखरपुड्याच्या सकाळी विहीणबाईंनी झाकण उघडलं. आत खळ होती.

ऋचाचा चेहरा उतरला. "बाबा, डिड यू टच इट?"

"छे गं, फक्त पाणी बदललं."

विहीणबाईंनी खळीत बोट घातलं आणि बाहेर काढलं. बोटावर मोहरीचा एक दाणा होता.

मग त्यांनी शांतपणे समजावलं. तेलाचा नुसता अंश लागला तरी हा प्राणी विरघळतो. आणि जिवंतपणी घाबरला, तर स्वतःची आतडी शत्रूवर फेकून निसटतो, पुढे नवी उगवतात. त्या क्षणी मला त्याचा फार हेवा वाटला.

ऋचा अंगठीच्या डबीकडे बघत उभी होती. शेवटी विहीणबाईच हसल्या. आपल्या नवऱ्यालाही आपण कधी स्वयंपाकघरात येऊ देत नाही, आता त्याला सोबत झाली, असं म्हणून त्यांनी आम्हा दोघा व्याह्यांना गराजमध्ये बसवलं. साखरपुडा झाला. मानाच्या पंगतीला पोहे होते, मेधाने केलेले.

जेवताना केव्हिनरावांनी सांगितलं की सी ककंबरला मेंदूच नसतो. तरीही त्याला तेलकट पळी ओळखता आली. माझ्याकडे इंजिनिअरिंगच्या दोन पदव्या आहेत.