चाळीस मिनिटांत उघडलेलं कुलूप

ती दर्यापूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवायची आणि दर शनिवारी एसटीनं अमरावतीला माझ्याकडे पीएचडीच्या कामासाठी यायची. मी तिचा मार्गदर्शक. पण दुसऱ्या वर्षापासून तीच मला विषय शिकवत होती, हे सांगायला आता संकोच वाटत नाही.

मोठे क्वांटम संगणक आले, की बँकेपासून मोबाइलपर्यंत आज वापरात असलेली बरीच गणिती कुलुपं उघडता येतील. म्हणून बिंदूंच्या जाळीवर आधारलेली नवी कुलुपं तयार झाली आहेत. मी तिला एकदा म्हटलं, "हे मले सोपं करून सांग."

"सर, चौफुलीवर, उभ्या-आडव्या सारख्या ओळींत लावलेली कपाशी डोळ्यासमोर आणा. एका झाडापाशी उभं राहून सगळ्यात जवळचं झाड शोधा. वावरात ते लगेच दिसते. पण वावर शंभर दिशांनी पसरलं असलं, अन् तुमच्यापाशी फक्त लांबलांबच्या झाडांचे पत्ते असले, तर?"

ते जवळचं झाड सापडलं की किल्ली सापडली. चाचणीपुरती कुलुपं स्वतःच बनवायची, ती उघडायला शोधाचे प्रोग्राम लिहायचे आणि कुलूप कितपत टिकतं ते पाहायचं, हे तिचं काम होतं.

एका शनिवारी, ज्या शोधाला दोन दिवस लागायला हवे होते, तो चाळीस मिनिटांत संपला. मी उत्तर तपासलं. बरोबर होतं. मी तिथूनच अकोल्याला मोठ्या भावाला फोन लावला आणि आमच्या पोरीनं नवं कुलूप तोडलं म्हणून सांगून टाकलं. विभागप्रमुख तर पत्रकारांना बोलवायच्या गोष्टी करू लागले. ती मात्र पडद्याकडे बघत बसली होती.

"सर, मले हे पटून नाही राहिलं. येवढं सोपं असतं तर कोणाले तरी आधीच सापडलं असतं. कोणालेच काही सांगू नका."

मी विभागप्रमुखांना थांबवलं. भावाला मात्र फोन करून झाला होता.

पुढचे तीन आठवडे ती प्रोग्रामची एकेक ओळ कागदावर उतरवून हातानं गणित करत राहिली. मी वैतागून विचारलं, "उत्तर बरोबर आहे ना? मग काहून शोधून राहिली?"

"उत्तर बरोबर आहे सर. पण प्रश्नच चुकला असंल तर?"

चौथ्या शनिवारी तिनं माझ्यासमोर एक कागद ठेवला. एका ओळीखाली लाल रेघ होती. किल्ली बनवताना आकडे कसेही, विखरून यायला हवेत. तिच्या त्या ओळीमुळं बहुतेक जागी शून्यच येत होतं. कुलूप तिच्याच हातून कच्चं बनलं होतं. ओळ दुरुस्त करून तिनं त्याच आठवड्यात शोध पुन्हा लावून पाहिला होता, तर तो दोन दिवसांहून थोडा जास्तच चालला होता. मला चेहऱ्यावरची निराशा लपवता आली नाही. तिनं डबा उघडला आणि शांतपणे जेवली. त्याच दुपारी मी भावाला खरं काय ते कळवलं.

प्रबंधात तिनं या चुकीवर अख्खं प्रकरण लिहिलं. ते गाळ, असं मीच सुचवलं होतं.

"नाही सर. उद्या कोणी खरंखुरं कुलूप बनवताना हीच चूक करंल."

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक जरा कडक होते. त्यांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही शेवटी काहीच तोडलं नाही?"

"नाही सर. तोडायचा मनापासून प्रयत्न केला, ते टिकलं. किती जोर लावला ते सगळं लिहून ठेवलं आहे, म्हणजे पुढच्याला याहून जास्त लावता येईल."

परीक्षकांनी पानं मागे उलटून ते चुकीवरचं प्रकरण पुन्हा काढलं आणि बराच वेळ वाचत राहिले. मग त्यांनी विचारलं, "हे माझ्या विद्यार्थ्यांना वाचायला दिलं तर चालेल का?"

आता कोणी विद्यार्थी फार लवकर आलेलं उत्तर घेऊन धावत आला, की मी त्याला दर्यापूरला तिच्याकडे पाठवतो. ती त्याला आधी पाणी देते, आणि मग त्याचंच काम पहिल्या ओळीपासून वाचायला लावते.