छत्तीसमास्तरांचा दुसरा रोल

ही गोष्ट मोबाईलवर फक्त बोलता यायचं तेव्हाची. पेन्सिलींचा कारखाना बंद होणार होता, आणि शेवटच्या दिवशी सगळ्या कामगारांचा एक ग्रुप फोटो काढायचं ठरलं. तो काढायला छत्तीसमास्तरांना बोलावलं, दुसरं कोण येणार?

मास्तर म्हणजे फोटोग्राफर बरं का. लग्न असो, शाळा असो, सगळं काम छत्तीस फोटोंच्या एका रोलमध्ये बसवायचं, त्यावरून हे नाव पडलं. अडतीस वर्षं तेच केलं. मग रोल धुणारी शेवटची लॅब बंद पडली आणि मुलीने हातात डिजिटल कॅमेरा ठेवला. मास्तर आठवडाभर त्याच्याकडे सवतीकडे बघावं तसं बघत होते. मुलीनेच शिकवलं, "घरी आलात की फोटो मी कॉम्प्युटरवर घेते. त्यानंतर तुम्ही फॉरमॅट करा, म्हणजे कार्ड कोरं." मास्तरांनी आपल्या भाषेत लक्षात ठेवलं, फॉरमॅट म्हणजे नवा रोल. तीन महिने काही बिघडलं नाही, कारण तीन महिन्यांत एकही काम छत्तीसच्या पुढे गेलं नव्हतं.

त्या दिवशी घाई होती ती रंगकाकांमुळे. पेन्सिलींना रंग द्यायच्या खात्यातला हा सगळ्यात जुना माणूस. छाती निकामी झालेली, महिनाभर हॉस्पिटलात. डॉक्टरांनी अर्ध्या तासाची परवानगी दिली होती, तीही कुरकुरत. मुलाने चाकांच्या खुर्चीतून आणलं, पुढच्या रांगेत मधोमध बसवलं. मागे बाकांवर चार रांगा. मास्तरांनी एकशे बारा डोकी मोजली, पुन्हा मोजली, उजेडाचा अंदाज घ्यायला चार फोटो काढले आणि मग ग्रुपचे सहा. सहा म्हणजे मास्तरांच्या हिशेबी उधळपट्टीच. काका लगेच हॉस्पिटलात परतले. पुढे एकेका खात्याचे वेगळे फोटो झाले. छत्तीस भरले.

"मास्तर, मशीनींचेही घ्या की," मॅनेजर म्हणाले.

मास्तरांनी चिठ्ठीवर ‘रोल पहिला, ग्रुप’ असं लिहिलं, घडी करून खिशात टाकली आणि हातासरशी फॉरमॅट केलं. अहो, अडतीस वर्षं बोटांनी जे केलं ते बोटं करणारच! मग आरामात मशीनींचे नऊ फोटो काढले.

पॅकिंगमधल्या एक बाई आल्या. "आमचा ग्रुप दाखवा ना. यात लगेच दिसतो म्हणे."

मास्तर ऐटीत बटण दाबत मागे गेले. मशीन, मशीन, मशीन. नऊ मशीनी झाल्या आणि पुन्हा पहिली मशीन आली. "जरा थांबा हं," म्हणत ते गेटवरच्या केबिनकडे सुटले ते जवळजवळ पळतच. तिथून मुलीच्या ऑफिसात फोन लावला.

"फॉरमॅट केलंत? फोटो कॉम्प्युटरवर न घेता?"

"रोल संपला म्हणून नवा घातला गं."

मुलीने एकदम विचारलं, "नंतर किती काढलेत?"

"नऊ."

"ऐका. जुने फोटो अजून कार्डावर असतील, फक्त दिसत नाहीत. पण नवा प्रत्येक फोटो एका जुन्यावर जाऊन बसतो, पहिल्यापासून सुरुवात करून. ग्रुप कितवा होता?"

"पाच ते दहा." नंबर त्यांना कधीच विचारावे लागत नसत.

"म्हणजे नवव्यापर्यंत गेले असं धरा. दहावा वाचला तर वाचला. आता कार्ड काढा. एकही फोटो काढू नका, बाबा. एकही नाही!"

मास्तर बाहेर आले. दुसरं कार्ड नव्हतं. एकात एवढे मावतात तर दुसरं कशाला, असं त्यांनीच मुलीला ऐकवलं होतं. आवारात सत्तरेक माणसं उरली होती, बाकीची निघून गेलेली. मॅनेजरांना चेहऱ्यावरून कळलं.

"उडाला ना? जाऊ द्या हो. आहेत त्यांचा पुन्हा काढा. कोणाला पत्ता लागत नाही."

सोपं होतं. सत्तर माणसं, पक्का फोटो, झाकली मूठ. एकदा शाळेचा रोल उजेडात उघडला गेला होता, तेव्हा मास्तरांनी खुशाल लॅबवर ढकललं होतं आणि आजतागायत कोणाला सांगितलं नव्हतं. पण सत्तरांत रंगकाका नव्हते आणि पुन्हा येणारही नव्हते. त्यांचा फोटो असलाच तर त्या दहाव्यात, आणि एक बटण दाबलं की तोही जाणार.

मास्तर बाकावर चढले. "फोटो माझ्या हातून पुसला गेलाय. मशीनची चूक नाही, माझी आहे. कदाचित एक परत मिळेल, कदाचित नाही. पण आता मी दुसरा काढणार नाही."

काय गलका झाला म्हणता! मॅनेजर तर हात जोडून निघूनच गेले. पॅकिंगवाल्या बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. "एकवीस वर्षं डबे भरले मी इथे. आता भिंतीवर काय लावू, तुमचं तोंड?" कार्ड मुठीत धरून मास्तर घरी चालत आले, बसमध्ये पडेल म्हणून.

मुलीने ऑफिसातून कसलासा प्रोग्रॅम आणला होता. कॉम्प्युटरवर एक निळी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकू लागली. बायको एरवी सल्ले देऊन डोकं उठवणारी, तिनेही नुसता चहा आणून ठेवला. एक ते नऊ, सगळ्या मशीनी. मग पट्टी अडली. मास्तरांनी टेबलाची कड धरली.

दहावा आला. वरून एकेक रांग उतरत आली, मागची, मधली, पुढची. एकशे बारा माणसं, लख्ख. आणि मधोमध रंगकाका, मान पूर्ण मागे वळवलेली. चेहऱ्याऐवजी एक कान आणि गालाची कड.

"अगं हा तर बाद फोटो!" मास्तर ओरडले. "एकाने मान फिरवली की ग्रुप फाडायचा असतो. बाकी पाचांत ते समोर बघत असणार, आणि नेमके तेच पाच मी..." मास्तर रडले. सरळ सांगतो, मुलीसमोर बसून रडले.

दुसऱ्या दिवशी मोठी प्रत घेऊन ते हॉस्पिटलात गेले. सगळं सांगून टाकलं, माफी मागितली. रंगकाकांनी फोटो नाकाशी धरला.

"तुम्ही समोर बघा म्हणत होतात," ते म्हणाले, "पण मला पुढे बसवलंत ना, मास्तर. अर्ध्या तासासाठी आलो आणि माझी सगळ्यांकडे पाठ. एकाचंही तोंड दिसेना. मग शेवटी वळलोच." त्यांनी मागच्या रांगेतल्या पहिल्या माणसावर बोट ठेवलं. "हा मला चोरून तंबाखू आणून द्यायचा. खुर्ची घ्या, बसा. सगळे सांगतो."

मास्तरांनी खुर्ची ओढली. नर्स दोनदा येऊन गेली तरी ते उठले नाहीत.