न पिणाऱ्याचं लिव्हर

नवऱ्याला शुगर होऊन बारा वर्षं झाली, त्या वर्षी मी त्यांच्यावर पाळत ठेवली. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाल्यावर बाई असं काही करेल असं मला स्वतःला वाटलं नव्हतं.

झालं असं की उजव्या बरगडीखाली जड वाटतं म्हणून आमच्या सौंसरच्याच एका डॉक्टरांकडे पोटाची सोनोग्राफी केली. रिपोर्ट वाचून डॉक्टरांनी विचारलं, "लिव्हर खराब दिसतंय. घेता किती?"

"काय घेतो?"

"दारू."

"आयुष्यात नाही घेतली," नवरा म्हणाला.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. भिंतीवरचा दात घासायचा तक्ता वाचत बसले.

माझा मोठा भाऊ पिऊन गेला. त्याचंही लिव्हरच गेलं होतं आणि तोही शेवटपर्यंत नाहीच म्हणत होता. त्यामुळे लिव्हर म्हटलं की मला एकच गोष्ट कळत होती. त्यात नवऱ्याची नोकरी पांढुर्ण्याच्या सरकारी कार्यालयात. रोज सहाच्या सुमाराला बसने घरी येणारा माणूस गेले काही महिने दर गुरुवारी आठ वाजवत होता. विचारलं की, "काम होतं."

मी दारातच त्यांच्या जवळ उभी राहून वास घ्यायला लागले. शर्ट धुवायला घेताना हुंगायचे. कपाटाच्या मागे हात घालून पाहायचे. काही सापडलं नाही की बरं वाटण्याऐवजी संशय वाढायचा. शाळेत माझ्यासोबत शिकवणाऱ्या बाई रामाकोन्याहून येतात. एक दिवस त्या सहज बोलल्या, "तुमचे साहेब दर गुरुवारी आमच्या स्टँडवर दिसतेत. कोणी पावणे हायेत का तिकडे?"

पांढुर्ण्याहून येणारा माणूस सौंसरला न उतरता पुढे रामाकोन्याला जातो. कशाला?

पुढच्या गुरुवारी ते हातपाय धुवायला गेले आणि मी बॅग उघडली. डब्याखाली प्लॅस्टिकची बाटली होती, अर्धी भरलेली, आत आंबूस वासाचं तपकिरी पाणी. ती ताटाशेजारी ठेवून मी वाट पाहत बसले.

"हे काय हाय?"

ते खाली बसले. "औषध हाय शुगरचं. रामाकोन्याचे एक वैद्य देते."

"औषध कोणी लपवून ठेवते का?"

"तुले सांगतलं असतं तर जाऊ देलं असतं का तू?"

मी बोट बुडवून चाखलं. कडूजहर. तरी माझा विश्वास बसला नाही. वाटलं, ही बाटली मला दाखवायची, दुसरी कुठेतरी असेल.

पुढच्या आठवड्यात आम्ही नागपूरला लिव्हरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांच्यासमोर मी रिपोर्ट ठेवला आणि बाटलीही ठेवली. बारा वर्षांची शुगर, सुटलेलं पोट, सगळं त्यांनी शांतपणे विचारून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दारूच लागते असं नाही. शुगरवाल्यांच्या लिव्हरमध्ये चरबी साचते. काहींचं लिव्हर त्यानं हळूहळू कडक होतं, आणि तिथे कॅन्सरचा धोका वाढतो. काढ्यानं काय केलं ते मी सांगू शकत नाही, पण तो आजपासून बंद."

त्यांनी रक्ताची तपासणी आणि स्कॅन लिहून दिला. आता संशय घ्यायची पाळी नवऱ्याची होती. बाहेर येऊन म्हणाले, "गावाकडचे लोक पाहून हे मशीनमंधी घालून राहिले. कमिशन असते ह्यायचं."

मी म्हटलं, "असू द्या. तरी करून घेऊ."

स्कॅनमध्ये बोराएवढी गाठ निघाली. कॅन्सरच होता. लहान होती म्हणून बाहेरून सुई घालून ती जाळता आली. आणखी वर्षभर थांबला असतात तर एवढ्यावर भागलं नसतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ते ऐकताना नवऱ्याने माझा हात धरला. मला तो नीट धरवला नाही.

घरी आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी, मी भाजी निवडत असताना त्यांनी विचारलं, "त्या दिवशी डॉक्टरनं पाह्यलं तं तू काहून चूप रायली?"

"मले वाटलं तुम्ही पेता."

"अठ्ठावीस वर्षांत कधी पाह्यलं?"

"नाई."

त्यांनी एक जुडी ओढून दोन-चार काड्या निवडल्या. मग म्हणाले, "मीबी लपवलंच नं," आणि उठून बाहेर गेले. भाऊ आठवला म्हणून, वगैरे मी सांगायचं ठरवलं होतं, ते राहूनच गेलं.

या गोष्टीला तीन वर्षं होतील. दर सहा महिन्यांनी आम्ही नागपूरला जातो. आतापर्यंत लिव्हर साफ आलं आहे. मागच्या खेपेला निघायच्या आधी मी माझ्या जाऊबाईंना म्हटलं, तुम्हालाही शुगर आहे, एकदा दाखवून घ्या. त्या ताठ झाल्या. म्हणाल्या, "आमच्या घरी कोणी पेत नाई, बाई." मी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं, बॅग उघडल्याचंसुद्धा. पुढच्या सोमवारी त्या आमच्यासोबत बसमध्ये होत्या.