ओढ्यापलीकडचे चौपन्न व्होल्ट

आमच्या वस्तीवर पाण्याची मोटर कशी चालू होते ते आधी सांगते, म्हणजे राग कशाचा ते कळेल. मोटरीपाशी उभं राहून कुणीतरी ओरडतं, "बंद करा गं समदं!" मग घराघरांतले पंखे, टीव्ही, फ्रिज बंद. तेव्हा कुठे व्होल्टेज चढतं आणि मोटर उचलते. जामखेडच्या उन्हात, भर दुपारी. आणि हे आम्ही खाली मान घालून करत आलो, जणू आमचाच गुन्हा.

या उन्हाळ्यात तरीही मोटर जळाली. तिचं वाइंडिंग भरून आणलं आणि ओढ्यापलीकडून येणारी बारीक तार बदला म्हणून पत्रक छापून मी वीज कार्यालयात गेले. साहेबांनी ते वाचलंसुद्धा नाही.

"तुमच्या वस्तीत आकडे टाकतात. चोरी थांबवा, व्होल्टेज आपोआप येईल."

बंगल्यात फ्यूज उडाला की वायरमन धावतो. आमच्या बौद्धवस्तीत दिवा मंद झाला की चोरी! त्याहून वाईट म्हणजे आमच्याच बायका एकमेकींच्या मागच्या दाराची वायर निरखायला लागल्या. शेजारची काकू तर आमच्यावर संशय धरून माझ्या आईशी आठवडाभर बोलली नाही.

पत्रक-घोषणांना साहेब घाबरत नव्हते. मग मी शाळेतलं विज्ञान उकरून काढलं. वायरमनला गाठलं. तारेला चिमट्यासारखा धरून करंट मोजायचा आणि व्होल्टेजही दाखवणारा मीटर त्याच्याकडे होता, दुसरा मी मागून आणला.

"ताई, माझी नोकरी घालवता व्हय?"

"चोर सापडला तर बढती मिळंल, दादा."

सगळ्यांना सगळं बंद करायला लावलं आणि एकटी मोटर चालू केली. तो ओढ्यापलीकडे, आमची तार सुरू होते त्या खांबावर, मी मोटरीपाशी, फोन कानाला. त्याच्याकडे करंट अठरा अँपिअर. माझ्याकडेही अठराच. मधे कुणी आकडा टाकला असता तर त्याच्याकडे जास्त दिसला असता. व्होल्टेज मात्र तिकडे दोनशे वीस, इकडे एकशे सहासष्ट. चौपन्न व्होल्ट वाटेतच गेले.

चौपन्न भागिले अठरा, तीन. बारीक, लांबलचक तारेचा रोध तीन ओहम. चौपन्न गुणिले अठरा, नऊशे बहात्तर वॅट. एका इस्त्रीएवढी वीज ती तार नुसती तापण्यात खाते. आणि चोर आम्ही!

हे मांडल्यावर साहेब म्हणाले, "त्या दिवशी आकडे काढून ठेवले असतील."

"असू द्या," मी म्हटलं. "आकडा नसतानाही चौपन्न व्होल्ट गेलेच ना? मग आकड्यानं जातात हे कशावरून?"

त्यांनी माझा हिशोब पुन्हा मांडून पाहिला. मग तार बघायला वस्तीवर आले. मान हलवून, "बदलू," म्हणून गाडीकडे वळले. काकू आडवी आली.

"सायेब, चोरी घावली का?"

"तार बारीक आहे, मावशी."

"तारंचं न्हाई इचारलं. चोरी?"

"...नाही."

"मोठ्यानं बोला की. हापिसात कसं मोठ्यानं बोल्ला हुता!"

"चोरी नाही," साहेब बोलले. सगळ्या वस्तीनं ऐकलं.

तार अजून बदललेली नाही, आणि मी कार्यालयात जायचं सोडलेलं नाही. पण त्या संध्याकाळी काकू आमच्या घरी चहाला आली. आईनं तिला दारात उभं ठेवलं, मनसोक्त टोमणे मारले, आणि मग आत घेतलं.